हालश्टाट

हालश्टाट हे ऑस्ट्रिया देशाच्या ओबरओस्टराईश राज्यातील एक ऐतिहासिक गाव आहे. ते जाल्त्सकामरगुट ह्या प्रदेशात, हालश्टाट सरोवर व डाखश्टाइन पर्वत यांच्यामधील अरुंद पट्टीवर वसले आहे. प्रागैतिहासिक काळापासून चालत आलेली मिठाची खाण ही ह्या गावाची मुख्य ओळख असून युरोपातील आद्य लोहयुगीन संस्कृतीस ह्याच गावावरून 'हालश्टाट संस्कृती' असे नाव मिळाले आहे. १९९७ साली ह्या परिसराचा युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश करण्यात आला.

इतिहास

योहान गेओर्ग राम्साउअर या खाण अधिकाऱ्याने १८४६ ते १८६३ दरम्यान गावाच्या वरच्या खोऱ्यात उत्खनन करून सुमारे ९८० प्राचीन थडगी उजेडात आणली. मिठामुळे खाणीत लाकूड, चामडे व कापडही टिकून राहिले आहे. तेथे सापडलेला एक लाकडी जिना इ.स.पू. चौदाव्या शतकातील आहे. सांगाड्यांच्या अभ्यासावरून त्या काळी स्त्रिया व मुलेही मिठाच्या कामात सहभागी असल्याचे दिसते.

लोकसंख्या व धर्म

२००१ साली गावाची लोकसंख्या साडेनऊशेच्या आसपास होती. त्यानंतरच्या दोन दशकांत ती आठशेच्याही खाली आली. धर्मसुधारणेच्या काळात येथील अनेक खाणकामगारांनी प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला. अठराव्या शतकात ह्या प्रदेशातील प्रोटेस्टंट कुटुंबांना बळजबरीने ट्रान्सिल्व्हेनियात पाठवण्यात आले. सम्राट दुसरा योझेफ याच्या १७८१ च्या सहिष्णुता आदेशानंतर त्यांना उघडपणे उपासना करता येऊ लागली. आज गावात कॅथलिक व प्रोटेस्टंट अशी दोन्ही चर्च आहेत.

दैनंदिन जीवन

जागेची टंचाई हा येथील जीवनाचा स्थायीभाव आहे. घरे उतारावर एकावर एक रचल्यासारखी बांधलेली असून, अंगण नसल्याने फळझाडे भिंतींना टेकवून पसरवली जातात. १८९० साली काठाने रस्ता होईपर्यंत गावात नावेने किंवा अरुंद पायवाटांनीच पोहोचता येत असे. रेल्वे स्थानक आजही सरोवराच्या पैलतीरावर असून, उतारूंना बोटीने गावात यावे लागते.

दफनभूमीही अपुरी असल्याने काही वर्षांनी जुनी थडगी उकरून अस्थी चर्चलगतच्या अस्थिगृहात ठेवण्याची प्रथा होती. कवट्या स्वच्छ करून त्यांवर मृताचे नाव, फुले व पाने रंगवली जात. तेथे सुमारे १,२०० कवट्या असून त्यांपैकी सहाशेहून अधिक रंगवलेल्या आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दहनाची पद्धत रूढ झाल्यावर ही प्रथा जवळजवळ थांबली.

खाणीतून आजही मीठ काढले जाते. १८७३ साली स्थापन झालेल्या तंत्रशाळेत सुतारकाम, नौकाबांधणी व वाद्यनिर्मिती शिकवली जाते. कॉर्पस क्रिस्टी सणाची मिरवणूक सरोवरातून नावांनी निघते.

पर्यटन व त्याचे परिणाम

२००६ साली एका कोरियन दूरचित्रवाणी मालिकेचे चित्रीकरण येथे झाल्यानंतर आशियाई पर्यटकांची संख्या वाढली. २०१२ साली चीनच्या क्वांगतोंग प्रांतात गावाची प्रतिकृतीही उभारण्यात आली. गर्दीच्या हंगामात येथे एका दिवसात सुमारे दहा हजार पर्यटक येतात, म्हणजे एका रहिवाशामागे दहाहून अधिक. पर्यटनामुळे रोजगार व कर मिळत असला, तरी वर्दळ, गोंगाट आणि घरांच्या वाढत्या किमती यांचा भार स्थानिकांवर पडतो. ग्रामपालिकेने पर्यटक बसगाड्यांसाठी आगाऊ नोंदणी सक्तीची केली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये रहिवाशांनी गावाकडे येणारा बोगदा काही काळ अडवून पर्यटकांच्या दैनिक संख्येवर मर्यादा घालण्याची आणि सायंकाळी पाचनंतर पर्यटक बसगाड्यांना बंदी करण्याची मागणी केली. हजारो वर्षे मिठाच्या खाणीमुळे टिकून राहिलेल्या ह्या गावापुढे आता स्वतःची वस्ती टिकवण्याचा प्रश्न आहे.