जुन्या टाकीत नवा ॲक्सोलॉटल

पुण्याच्या मंडईचा अष्टकोनी मनोरा १८८६ सालापासून शहराच्या मध्यभागी उभा आहे, आणि ‘रे मार्केट’ या मूळ नावाने सुरू झालेल्या या वास्तूच्या भोवती, तुळशीबागेपासून बोहरी आळीपर्यंत, संसाराला लागणारी बहुतेक प्रत्येक वस्तू मिळण्याची सोय पिढ्यान्‌पिढ्या झालेली आहे. त्या संसारात आता एक अनोखा प्राणीही शिरला आहे. पुण्यासारख्या शहरांतून अलीकडे काही हौशी मंडळी ॲक्सोलॉटल हा मेक्सिको देशाचा जलचर प्राणी काचेच्या टाकीत पाळू लागली आहेत, आणि एक प्राणी रुळला की त्याला सोबत म्हणून दुसरा आणावा असा विचार त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. सोबतीची ही ओढ मात्र पाळणाऱ्याची असते. प्राण्याला ती नसते, आणि या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळे पुढचे अनेक अनर्थ ओढवतात.

ॲक्सोलॉटल हा मासा नव्हे. तो सॅलॅमँडरच्या कुळातील उभयचर, परंतु बाल्यावस्थेतील बाह्य कल्ले आयुष्यभर धारण करून पाण्यातच राहणारा. मेक्सिको शहराच्या दक्षिणेस असलेले झोचिमिल्कोचे कालवे हे त्याचे अखेरचे नैसर्गिक वसतिस्थान होय. तेथे १९९८ साली दर चौरस किलोमीटरमागे सुमारे ६,००० प्राणी असल्याचा अंदाज होता, तो २०१४ पर्यंत ३६ वर आला. उलट जगभरच्या प्रयोगशाळांत व घरांत त्याची संख्या प्रचंड आहे, आणि त्यांतील बहुतेकांची वंशावळ १८६४ साली पॅरिसला आलेल्या प्राण्यांपर्यंत जाऊन पोचते. ओग्युस्त द्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती त्यांपैकी पाच नर व एक मादी सोपविण्यात आली होती.

तुटलेला पाय पुन्हा उगवण्याच्या त्याच्या सामर्थ्याची कीर्ती सर्वत्र पसरली आहे, आणि त्या कीर्तीचा एक दुष्परिणाम असा झाला, की दोन प्राणी एकमेकांना चावले तरी फारसे बिघडत नाही अशी बेफिकिरी काही पाळणाऱ्यांत शिरली. ही बेफिकिरी क्षम्य नाही. ॲक्सोलॉटलची दृष्टी मंद असते. जवळून हलणाऱ्या वस्तूवर तो तोंड उघडून झडप घालतो, आणि ती वस्तू गांडूळ आहे की शेजाऱ्याचा पाय, हा विवेक त्याला करता येत नाही. जखम भरून येते, परंतु तत्पूर्वी तिच्यावर बुरशी चढू शकते, आणि प्राणी लहान असेल तर तो अख्खा गिळलाही जातो. यास्तव नवा प्राणी जुन्याच्या बरोबरीच्या लांबीचा होईपर्यंत त्यास वेगळे ठेवणे हाच निर्वेध मार्ग. नर-मादी एकत्र ठेवण्याची तर कल्पनाही करू नये. मादी एका वेळी शेकडो अंडी घालते, आणि नराच्या सततच्या सहवासात तिला विश्रांती न मिळाल्याने तिचे शरीर झिजून जाते.

नव्या पाहुण्याला किमान तीस दिवस विलग ठेवावे. त्यासाठी बोहरी आळीतला प्लास्टिकचा झाकणाचा साधा टब पुरेसा आहे, मात्र तो पूर्वी साबण किंवा फिनेल न लागलेला, कोरा असावा. टबातील पाणी रोज संपूर्ण बदलावे, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन ते मारणाऱ्या औषधाने आधीच घालवावे. येथे पुणेकरांना एक विशेष सूचना करणे मला अगत्याचे वाटते. ज्या शहरात तांबट आळीची तांब्याची भांडी अभिमानाने घरोघर वापरली जातात, तेथे तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेले पाणी अधिक शुद्ध समजून या प्राण्याला देण्याचा मोह होऊ शकतो. परंतु पाण्यात उतरलेले तांबे उभयचरांना विषासमान असते. अन्नाचीही तीच काळजी घ्यावी. गांडूळ हा त्याचा उत्तम आहार असला, तरी सोसायटीच्या गांडूळखताच्या खड्ड्यातील लाल गांडुळे कडवट द्रव सोडतात, आणि पुष्कळ ॲक्सोलॉटल ती तोंडात घेऊन तत्काळ बाहेर टाकतात. कीटकनाशक पडलेल्या मातीतली गांडुळे तर सर्वथा वर्ज्य. या महिन्यात प्राणी खातो की नाही, कल्ल्यांची पिसे भरदार आहेत की पुढे वळलेली, अंगावर कापसासारखा पांढरा थर धरतो का, हे रोज पाहत जावे. कल्ले पुढे वळणे आणि शेपटीचे टोक मुडपणे ही क्लेशाची चिन्हे होत.

तेवढ्या अवधीत जुन्या टाकीचीही तपासणी व्हावी. मुरलेली टाकी म्हणजे जिच्या फिल्टरमध्ये अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावले आहेत ती. हे जिवाणू एका प्राण्याच्या विष्ठेपुरतेच वाढलेले असतात, म्हणून दुसरा आल्यावर पाण्यात अमोनिया काही काळ साचू शकतो. पहिले काही आठवडे परीक्षण-संचाने पाणी तपासत राहावे. अमोनिया व नायट्राइट शून्य असलेच पाहिजेत. तळाला खडे असतील तर ते काढून बारीक वाळू घालावी, कारण अन्नाबरोबर गिळलेला खडा आतड्यात अडकतो.

खरी कसोटी तपमानाची. या प्राण्याला १६ ते १८ अंश मानवतात, २२-२३ च्या पुढे तो आजारी पडू लागतो, आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास असतो. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावला तर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाने तपमान काही अंश उतरते, गोठवलेल्या बाटल्यांनीही थोडा वेळ निभावते. परंतु हे उपाय तात्पुरते आहेत. पाणी थंड करणारे यंत्र बसविण्याची ऐपत वा तयारी नसेल, तर दुसरा प्राणी आणूच नये, इतकेच नव्हे तर पहिलाही आणावयास नको होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रवेशाचा दिवस सावकाश न्यावा. जुन्या प्राण्याला पोटभर खाऊ घालून, संध्याकाळी दिवा मालवून, टाकीचे थोडे थोडे पाणी नव्याच्या भांड्यात मिसळीत तपमानाचा मेळ घालावा, आणि जाळीने न उचलता भांड्यासकटच त्यास आत सोडावे. लपण्याच्या जागा दोहोंपेक्षा अधिक असाव्यात. पहिले काही दिवस मध्ये जाळीचा पडदा ठेवणे श्रेयस्कर, आणि अन्न कायमचे वेगवेगळ्या टोकांना द्यावे.

कायद्याचाही भाग आहे. ॲक्सोलॉटल धोक्यातील वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद वन खात्याच्या दप्तरी करणे पाळणाऱ्यांवर बंधनकारक झाले आहे. ती ‘परिवेश’ या शासकीय संकेतस्थळावरून करता येते. विकणाऱ्याकडून कागद घेतल्याशिवाय प्राणी घरी आणू नये.

आणि नको झालेला प्राणी किंवा त्याच्या टाकीचे पाणी मुठा नदीत अथवा एखाद्या ओढ्यात कदापि सोडू नये. उभयचरांचा संहार करणाऱ्या कायट्रिड बुरशीचा आशियातील मूळचा प्रकार उत्तर सह्याद्रीतील बेडकांत असल्याचे पुण्याच्या अभ्यासकांनी २०१३ साली प्रसिद्ध केले आहे. परदेशी प्राण्यांबरोबर तिचा अधिक घातक प्रकार आपल्या ओढ्यांत शिरला, तर तो परत काढण्याचा उपाय कोणापाशीही नाही.