मुखपृष्ठावर उभा आहे तो कोण?

आमच्या आष्टीच्या (बीडच्या नव्हे, जालना जिल्ह्यातल्या, परतूर तालुक्यातल्या) एका विद्यार्थ्याने अद्‌भुत कादंबरी लिहिली आहे. आपल्या लेखकाने आत्मकथन लिहावे, फार तर कविता लिहावी, असे न बोलताच ठरून गेले आहे. हा पोरगा तिसऱ्याच वाटेने गेला. त्याचा नायक गावकुसाबाहेरचा, काळा, चौदा वर्षांचा. आटलेल्या विहिरीच्या तळाचा दगड सरकवून तो खाली उतरतो आणि तिथे त्याला पाण्याचे नगर सापडते.

मुखपृष्ठासाठी शहरातल्या एका चित्रकाराकडे कथेचा सारांश पाठवला. पंधरा दिवसांनी रंगीत चित्र आले. विहीर होती, नगर होते, आणि काठावर उभा होता एक गोरापान, धारदार नाकाचा, तलवारधारी राजपुत्र. कादंबरीत तलवार नाहीच. पोरगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, चित्र भारी आहे. पण हा कोण?"

चित्रकाराला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. त्याचा हात जिथे तयार झाला, तिथे अद्‌भुत म्हटले की असाच चेहरा उमटतो. आरंभीच्या मराठी कादंबरीत अद्‌भुताचा मोठा वाटा आहे. हळब्यांची 'मुक्तामाला' 1861 ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' 1868 ची. राजे, राजकन्या आणि सरदार यांचेच ते जग. पुढे 1894 साली मुंबईत रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला आणि देवादिकांचे चेहरे घरोघरी भिंतीवर लागले. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी पुस्तकांची व दिवाळी अंकांची मुखपृष्ठे रंगवून वाचकाची नजर घडवली. दोघेही मोठे कलावंत, याविषयी वाद नाही. मुळगावकरांच्या चित्रांमुळे बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा लांबूनच ओळखू येत. परंतु या साऱ्या चित्रसृष्टीत उजळ कांती नायकाच्या वाट्याला आणि काळा रंग राक्षसाच्या वाट्याला, ही वाटणी कोणी तपासली? जोतीरावांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त राक्षस म्हणजे मुळात रक्षक, असा अर्थ लावून ती वाटणी शब्दांत उलटी केली. कुंचल्यापर्यंत तो अर्थ अजून पोहोचलेला नाही.

आता मुखपृष्ठ तयार कसे होते ते पाहू. कारण चूक नेमकी कुठे शिरते हे त्यावाचून कळत नाही.

चित्रकार आरंभी काडेपेटीएवढ्या चौकटीत दहा-वीस कच्च्या आकृत्या काढतो. त्यांत नाक-डोळे नसतात. माणूस कुठे, विहीर कुठे, नावासाठी मोकळी जागा कुठे, एवढेच ठरते. त्यातल्या दोन-तीन निवडून मोठी पेन्सिल-रेखाटने होतात. मग रंग न वापरता नुसती छटांची आखणी: उजेड, मधली छटा, अंधार. त्यानंतर रंगाचा छोटा नमुना, आणि सर्वांत शेवटी पक्के चित्र व अक्षरे.

सगळे ठरते ते छटांच्या आखणीत. काळा चेहरा अंधाऱ्या विहिरीपुढे हरवतो, म्हणून चित्रकार चेहरा उजळवतो. आमच्या चित्रकाराने फोनवर हेच कारण दिले. परंतु चेहरा उठून दिसतो तो मागच्या छटेमुळे. मागे पहाटेचे आभाळ ठेवा, किंवा खालून पाण्याचा उजेड गालावर पाडा, की काळा चेहरा दहा पावलांवरून दिसतो. बदलायची ती पार्श्वभूमी. आपण मात्र माणूस बदलतो!

छापखान्याचीही एक गोम आहे. चार शायांच्या छपाईत काळीसावळी कातडी दाखवायची तर पिवळा आणि किरमिजी रंग भरपूर ठेवून काळी शाई जपून वापरावी लागते. स्वस्त, खरबरीत कागदावर शाईचा ठिपका पसरतो आणि गडद भाग आणखी गडद होतो. ही काळजी घेतली नाही की चेहऱ्याचा डांबरगोळा होतो, आणि पुढच्या वेळी प्रकाशक म्हणतो, गोराच करा. पैशाचा काच कोणालाच चुकलेला नाही. टोल्किनने 'द हॉबिट'चे वेष्टन स्वतः रंगवले होते. 1937 साली प्रकाशकाने खर्चासाठी त्यातला लाल रंग गाळला आणि सूर्य कागदासारखाच पांढरा राहिला. पण रंग परवडत नाही ही एक गोष्ट, रंग चालत नाही ही दुसरी.

ही दुसरी गोष्ट अमेरिकेतही घडली आहे. उर्सुला ले ग्विनच्या 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' (1968) या कादंबरीचा नायक गेड तांबूस-तपकिरी कातडीचा. रूथ रॉबिन्सच्या पहिल्या मुखपृष्ठावर तो तसा होता. पुढच्या कित्येक आवृत्त्यांवर तो पांढरा झाला. इंग्लंडातल्या आवृत्तीवरचा फिकुटलेला गेड पाहून आपण किंचाळलो, असे लेखिकेने 2004 मध्ये लिहिले. 2009 मध्ये जस्टिन लार्बलेस्टियरच्या 'लायर'ची नायिका काळी असून मुखपृष्ठावर गोरी मुलगी आली. लेखिका बोलली, वाचक उठले, आणि पुस्तक बाजारात येण्याआधी मुखपृष्ठ बदलावे लागले.

आम्ही चुकलो ते इथे. आम्ही सारांश पाठवला आणि पक्क्या चित्राची वाट पाहत बसलो. कच्च्या आकृत्या मागितल्या असत्या तर तलवार पेन्सिलीतच खोडता आली असती. नायक कसा दिसतो, त्याच्या अंगावर काय आहे, हातात काय आहे, हे सारांशात लिहायचेही आम्हाला सुचले नाही. आमच्या डोळ्यांपुढे तो स्पष्ट होता. चित्रकाराच्या डोळ्यांपुढेही असेल, असे आम्ही धरून चाललो.

दुसऱ्यांदा आम्ही गावातल्या पेंटरकडे गेलो. हा गडी गाड्यांचे नंबर रंगवतो, दुकानांच्या पाट्या करतो, 14 एप्रिलचे फलक लिहितो. फ्लेक्स आल्यापासून त्याचे काम निम्म्यावर आले आहे. त्याने कादंबरी वाचली नाही; पोराला समोर बसवून तोंडी ऐकली. मग वहीच्या पाठकोऱ्या कागदावर बारा चौकटी काढल्या. अकरा बेताच्याच होत्या, दोन तर सिनेमाच्या पोस्टरवरून उचललेल्या. बाराव्या चौकटीत विहीर आतून, खालून वर पाहिलेली: वर आभाळाचा गोल तुकडा, त्यापुढे दोराला लोंबकळणारी मुलाची काळी आकृती, आणि खालच्या पाण्याचा उजेड त्याच्या तोंडावर.

"हा आत उतरतोय. मग काठावरून कशाला दाखवायचा?" पेंटर म्हणाला.

छटांचे रेखाटन झाले आहे. रंगाच्या नमुन्यात काळी शाई किती टक्के ठेवायची यावर आमचा आणि छापखान्याचा वाद चालू आहे. पोरगा रोज संध्याकाळी पेंटरच्या दुकानात जाऊन बसतो आणि त्या मुलाच्या पायांत चप्पल असावी की नसावी, यावर त्याच्याशी भांडतो.