कंटेनरच्या दारात मावेल ती गाडी

१ सप्टेंबर १९५५ रोजी ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा विद्यार्थी दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाले आणि मार्च १९५६ मध्ये सिंगापूरला पोचले. पाकिस्तान, भारत, ब्रह्मदेश त्यांनी चाकांवरच ओलांडले. आज अलिबागच्या माणसाने तसे ठरवले तर अडचण घाटात किंवा वाळवंटात येत नाही, ती आपल्याच सीमेवर येते. पाकिस्तानची वाट खासगी गाडीला व्यवहारात बंद आहे. म्यानमार २०२१ च्या लष्करी उठावापासून पेटलेले आहे. चीनमध्ये गाडी घालायची तर परवान्यांची चळत आणि सोबत तिथला वाटाड्या लागतो. नेपाळ-भूतान सोडले तर आपला परदेशी रस्ता समुद्रातूनच सुरू होतो, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेकांसाठी त्याचे दार उरण तालुक्यात आहे. २६ मे १९८९ रोजी सुरू झालेले न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर, म्हणजे आपल्या बोलण्यातले जेएनपीटी.

म्हणून गाडी निवडताना इंजिनाच्या आधी मोजपट्टी काढावी. साध्या कंटेनरच्या दाराची उंची सुमारे २.२८ मीटर आणि रुंदी २.३४ मीटर असते. फोर्स गुरखाची उंचीच दोन मीटर सात-आठ सेंटिमीटर. वर लोखंडी कॅरियर आणि घडीचा तंबू बसवला की गाडी दारातच अडते. मग कॅरियर उतरवा, टायरची हवा काढा, नाहीतर जास्त उंचीचा ‘हाय क्यूब’ कंटेनर मागवा. रुंदीत गाडी जाते, पण दोन्ही बाजूंना वीतभर फट उरते आणि चालकाला दरवाजा उघडून उतरता येत नाही. कापडी टपाच्या जीपचा मालक मागून सहज बाहेर पडतो. दोन मित्रांनी मिळून चाळीस फुटी कंटेनर घेतला तर भाडे वाटले जाते. त्याची आतली लांबी १२.०३ मीटर आणि नव्या थारची ३.९८५, म्हणजे कागदावर तीन थार बसतात. साडेसात सेंटिमीटर मोकळी जागा बघून तिसऱ्या मित्राला बोलावू नये.

आता गाडी. महिंद्रांच्या कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. २०१० साली आलेली पहिली थार त्याच घराण्यातली. तिच्या डीआय प्रकाराला २,५२३ सीसीचे इंजिन होते, ताकद जेमतेम ६३ अश्वशक्ती. हायवेवर ती ट्रकच्या मागे मुकाट चालते आणि आतला आवाज सहन करायला बऱ्यापैकी निर्ढावलेले कान लागतात. तरीही मोहिमेसाठी माझे झुकते माप तिलाच आहे, आणि कारण डिझेलमध्ये आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ आले. त्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखांत दहा भागांपर्यंतच चालते, आधीच्या बीएस-४ मध्ये पन्नासपर्यंत चालत होते. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते आणि ती या स्वच्छ इंधनाच्या भरवशावर बनवलेली असते. शहरापासून दूर, जास्त गंधकाचे डिझेल वारंवार भरावे लागले की धूर साफ करणारी ही सगळी यंत्रणा कुरकुरू लागते, पिवळा दिवा लागतो आणि इंजिन ताकद आवरून घेते. तो दिवा विझवायला पाना चालत नाही, लॅपटॉप लागतो. जुन्या गाडीची गोची उलट टोकाला होते. युरोपातल्या कित्येक शहरांच्या मध्यभागी तिला धुरामुळे मज्जाव असतो. म्हणजे आधी देश ठरवायचे आणि मग गाडी. आपल्याकडे नेमके उलट होते, गाडी दिवाळीत घेतली जाते आणि नकाशा नंतर उघडतो.

गुरखाचा मोठा गुण म्हणजे पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलचे लॉक. एक चाक हवेत लटकले तरी दुसऱ्याला जोर मिळतो. पण रुतलेली गाडी लॉकपेक्षा टायरमधल्या हवेने अधिक वेळा निघते. वाळूत हवा अठरा पौंडांपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. २०२४ च्या अखेरीस रेवदंड्याच्या किनाऱ्यावर रुतलेली फेरारी शेवटी बैलगाडीने ओढून काढली. बैलांना अश्वशक्तीचा आकडा कुणी विचारला नाही. किनाऱ्यावर गाडी घालायचा सराव मात्र करू नये. मनाई असते हे एक, आणि खारे पाणी चाकांच्या बेअरिंगपासून ब्रेकपर्यंत सगळीकडे शिरते हे दुसरे.

खारी हवा तशीही रायगडच्या गाडीला सोडत नाही. मुरुड-श्रीवर्धनकडची दहा वर्षे जुनी जीप घेताना रंगाकडे पाहू नये, खाली झोपून चेसिस ठोकून पाहावी. ठणठणीत आवाज आला तर ठीक. भदभद आवाज आला तर आतून पोकळ झाली, वेल्डिंगचे ठिगळ तिथे टिकत नाही. चांगली चेसिस निघाली की पोकळ भागात मेण फवारून घ्यायचे, पाटे सुटे करून गंजलेला बदलायचा, यू-बोल्ट नवे घालायचे, क्रॉस आणि बेअरिंग बदलून जुने धडधाकट असतील ते सुटे भाग म्हणून सोबत ठेवायचे. ही युक्ती जुन्या मिस्त्रींची: सोबतचा भाग त्याच गाडीत चाललेला असला की तो बसेल याची खात्री असते. फिल्टर, पट्टे आणि पाण्याचे पाइप हातखर्चासारखे जास्तीचे घ्यावेत. स्टेपनी दोन.

खरा शत्रू वजन आहे. वीस लिटरचे चार कॅन पाणी म्हणजे ऐंशी किलो, आणि ते टपावर बांधले तर वळणावर गाडी डोके काढते. पाणी, डिझेल, हत्यारे मागच्या चाकांच्या पुढे आणि तळाशी ठेवावीत, टपावर फक्त चटया आणि कपडे. असा सगळा संसार भरून पावसाळ्यात ताम्हिणी, वरंधा आणि आंबेनळी हे तीन घाट उतरायचे. पाटे बसतात की नाही, ब्रेक तापतात की नाही, सामान कुठे खडखडते, सगळे तिथेच कळते. घरी परत आल्यावर निम्मे सामान आपोआप गाडीतून उतरते.

यानंतर गॅरेज संपते आणि कागद सुरू होतात. आंतरराष्ट्रीय चालक परवाना आरटीओत मिळतो. एमएच-०६ वाल्यांना त्यासाठी पेणला जावे लागते. गाडीचा पासपोर्ट म्हणजे कार्नेट. तो १९१९ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून घेता येतो. प्रत्येक देशात शिरताना एक शिक्का, निघताना दुसरा. गाडी परत निघालीच नाही तर त्या देशाची जकात तुमच्या हमीतून वसूल होते, म्हणून आधी बँक हमीसारखे तारण ठेवावे लागते. पैसे खर्च होत नाहीत, पण अडकतात, आणि पुष्कळ मोहिमा इथेच गळतात. कार्नेटवर इंजिन क्रमांक, चेसिस क्रमांक, रंग, जादा टायरसुद्धा लिहिलेले असतात. वाटेत इंजिन बदलले तर पुढच्या सीमेवर तुमची गाडी वेगळीच ठरू शकते.

बंदरात गाडी देताना टाकीत थोडेच डिझेल ठेवायचे, बॅटरीची वायर सोडायची, स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर घरी ठेवायचा. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या गाडीच्या मडगार्डमध्ये मातीचे ढेकूळ किंवा गवताचे बी सापडले तर तिथे धुण्याचा खर्च मालकावर पडतो, तेव्हा खालून वाफेने धुऊन घेणे स्वस्त. चाकांपुढे लाकडी ओंडके, चारही कोपऱ्यांना पट्टे, मग दार बंद आणि सील. चेसिसवर क्रमांक कोरलेली जागा मात्र आधीच घासून, त्यावर पातळ ग्रीस लावून ठेवावी. गाडी परत आली की कस्टमचा अधिकारी तोच क्रमांक कार्नेटशी ताडून पाहतो, आणि गंजाने खाल्लेला आकडा वाचून दाखवणे मोठ्या मिनतवारीचे होते.