पंचवीस रुपयांतलं ग्रंथालय

दादा वाळूजला कंपनीत असेल किंवा ताई चिकलठाण्याला, तर त्यांची जून नाहीतर डिसेंबरची पगाराची स्लिप एकदा मागून बघा. पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर अशा मोठ्या कटिंगच्या खाली एक बारकी ओळ दिसेल. एलडब्ल्यूएफ : २५ रुपये. ‘हे कशाचे?’ असं विचारा. बहुतेक उत्तर येईल, ‘काय माहीत, कापतात दरवर्षी.’

हे पैसे कामगार कल्याण निधीचे. त्यासाठीचा कायदा १९५३चा, म्हणजे महाराष्ट्र राज्य व्हायच्याही आधीचा. वर्षातून दोनदा कामगाराच्या पगारातून छोटी रक्कम कापायची, मालकाने त्यात जास्तीची भर घालायची, अशी ही सोय. २०२४पासून कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये. यातून महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ राज्यभर केंद्रं चालवतं. आपल्या शहरातही ती आहेत. तिथे शिवणवर्ग असतात, शिशुमंदिर असतं, कामगार नाट्य स्पर्धेच्या तालमी होतात. आणि वाचनालय, अभ्यासिका असते.

या निधीत आणखी एक पैसा येतो. कामगाराची देय रक्कम तीन वर्षं दिलीच गेली नाही, तर कायद्याने ती याच निधीत जमा होते. कुणी गावी निघून गेलं, कुणी आजारी पडलं, कुणाला आपले पैसे बाकी आहेत हेच कळलं नाही. त्यांच्या घामाचा वाटाही या कपाटांत आहे. तेव्हा तिथे जाताना ‘फुकटची सरकारी सोय’ म्हणून जाऊ नका. ते घरच्यांच्या पैशांतून उभं राहिलेलं ग्रंथालय आहे.

फॉरवर्ड आणि पुस्तक

पण तिथे जायचं कशाला? सगळं मोबाइलवर मिळतंच की! मग एक उदाहरण घ्या.

१४ एप्रिल किंवा १ मे जवळ आला, की एक मेसेज फिरतो : ‘बाबासाहेबांनी कामाचे १४ तास ८ वर आणले.’ मेसेजमागची भावना खरी आहे, पण हिशोब अर्धवट आहे. १९२२च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची मर्यादा ६० तास होती. १९३४च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी ती ५४ झाली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६च्या दुरुस्तीने ५४चे ४८ झाले. म्हणजे १२ वर्षांत सहा तास, पुन्हा १२ वर्षांत सहा तास. एकेका तासासाठी किती झगडावं लागलं, ते मेसेजमध्ये कळत नाही. त्या काळातली बाबासाहेबांची भाषणं आणि विधेयकं राज्य सरकारने छापलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या दहाव्या खंडात आहेत. ज्या शहरात त्यांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, ज्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, तिथल्या पोरांनी तरी हा खंड उघडून बघायला हवा.

रविवारचंही तसंच. रविवार आपल्याला कॅलेंडरने दिला असं वाटतं. पण मुंबईच्या गिरण्यांत तो मागावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून त्यांनी काम केलं, ‘दीनबंधू’ चालवलं, आणि गिरणी कामगारांची संघटना बांधली. २४ एप्रिल १८९० रोजी त्यांनी बोलावलेल्या सभेला दहा हजारांवर कामगार आले. तिथे दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. पुढच्या रविवारी उशिरापर्यंत लोळताना एवढं आठवा!

हे तुमच्या कामाचं आहे

आता तुमचं बघू. डिप्लोमा, आयटीआय, इंजिनीअरिंग झालं, की आपल्याकडच्या कितीतरी जणांची पहिली नोकरी ‘ट्रेनी’ म्हणून वाळूज नाहीतर शेंद्र्याला लागते. पहिल्या दिवशी पुढ्यात कागद येतो आणि आपण न वाचता सही करतो. बारा तासांची शिफ्ट सांगितली, की मान डोलावतो.

त्याआधी चार गोष्टी माहीत असाव्यात. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा जुन्या कायद्यात होती, नव्या संहितेतही आहे. त्यापुढच्या कामाला ओव्हरटाइम दुप्पट दराने. नेमणुकीचं पत्र आणि पगाराची स्लिप हा कामगाराचा हक्क आहे. आणि तुम्ही ‘ट्रेनी’ आहात म्हणजे नक्की कोण, हे विचारा. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली करार नोंदवला असेल, तर तुम्ही कायद्याने शिकाऊ. तुमचे नियम वेगळे, स्टायपेंड वेगळा. करारच नसेल आणि काम मात्र लाइनवरच्या माणसाइतकंच असेल, तर प्रश्न विचारायलाच हवा.

एक सावधगिरी घ्या. ग्रंथालयातलं कायद्याचं पुस्तक कोणत्या साली छापलंय ते आधी बघा. केंद्राचे २९ कामगार कायदे चार संहितांत आणलेत आणि त्या २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्यात. जुनं पुस्तक इतिहासासाठी ठेवा, हक्कासाठी नवं मागा. नसेल, तर ग्रंथपालांकडे मागणी नोंदवा.

ट्रंकेतला इतिहास

इंग्लंडमध्ये सॅलफर्डला ‘वर्किंग क्लास मूव्हमेंट लायब्ररी’ आहे. ती कुठल्या विद्यापीठाने काढली नाही. एडमंड आणि रूथ फ्रो हे नवरा-बायको. तो इंजिनीअरिंग कामगार, ती शिक्षिका. सुटीत गाडी घेऊन गावोगाव जुनी पुस्तकं, पत्रकं गोळा करायचे. घर भरून गेलं, तेव्हा १९८७ साली तो सगळा संग्रह सॅलफर्डच्या इमारतीत हलवला.

आपल्याकडेही हे करता येईल, पण वेळ कमी आहे. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५चा. तेव्हा विशीत कामाला लागलेला माणूस आज साठीत आहे. त्याच्या ट्रंकेत जुना गेटपास आहे, युनियनची पावती आहे, पगारवाढीच्या कराराची प्रत आहे, संपाचं पत्रक आहे. दिवाळीच्या साफसफाईत हे सगळं रद्दीवाल्याकडे जातं. मुंबईचा गिरणगाव संपत असताना नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणी कामगारांना बोलतं केलं, म्हणून २००४ साली ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हे पुस्तक झालं. वाळूजच्या पिढीला कोण बोलतं करणार?

तुम्हीच करा की. शेजारच्या रिटायर्ड काकांना गाठा. त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर तासभर रेकॉर्डिंग करा. कागदांचे फोटो काढा, तारीख आणि जागा लिहून ठेवा. कॉलेजच्या ग्रंथपालांना एक रॅक मागा. कागद कसे लावायचे असतात ते बघायचं असेल, तर नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेचं कामगार इतिहासाचं डिजिटल संग्रहालय उघडून बघा.

सुरुवात मात्र घरूनच करा. आज रात्री जेवताना बाबांना एवढंच विचारा, ‘तुमच्या पहिल्या पगाराची स्लिप अजून आहे का हो?’