माघारीचे शहाणपण

स्कॉटलंडमधील केर्नगॉर्म या शिखराची उंची अवघी १२४५ मीटर. आपले कळसूबाई त्याहून चारशे मीटरने उंच आहे. परंतु पर्वताचा धोका केवळ उंचीने मोजता येत नाही. मार्च १९८६ मध्ये याच शिखरावर ताशी २७८ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची नोंद झाली. नोव्हेंबरअखेर तेथे दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. बर्फ आणि धुके एकत्र आले की जमीन व आकाश यांमधील रेषाच पुसली जाते. कड्याची कडा पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.

नोव्हेंबर १९७१ मध्ये एडिंबरोच्या एका शाळेतील पंधरा वर्षांची सहा मुले दोन तरुण मार्गदर्शकांसह या पठारावर गेली होती. नकाशा व होकायंत्र यांच्या आधारे वाट काढण्याचा सराव, हा त्या सहलीचा हेतू. वाटेत हवा बिघडली आणि ती सर्व ‘करन’ नावाच्या एका लहानशा निवाऱ्याकडे निघाली. निवारा गाठणे अशक्य ठरले. दोन रात्री त्यांनी हिमवादळात उघड्यावर काढल्या. पाच मुले आणि साहाय्यक मार्गदर्शक गारठून मृत्युमुखी पडली. एक मुलगा व गटप्रमुख तेवढी वाचली. गिर्यारोहणातील ब्रिटनमधली ही सर्वांत भीषण दुर्घटना मानली जाते.

फेब्रुवारी १९७२ मध्ये रीतसर चौकशी झाली आणि मुलांना डोंगरावर नेणाऱ्यांच्या पात्रतेविषयी पुढे कडक नियम आले. खरा वाद मात्र पेटला तो निवाऱ्यावरून. वादळात चार भिंतींनी जीव वाचतो, असे एका पक्षाचे म्हणणे. हिवाळ्यात बर्फाखाली बुजणारा निवारा सापडतच नाही, उलट त्याच्या भरवशावर अननुभवी माणसे नको तेथवर जातात, असे दुसऱ्याचे. अखेर १९७५ मध्ये तो निवारा पाडण्यात आला. माणसांच्या सुरक्षिततेसाठी आसराच नाहीसा करावा, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. परंतु ज्या बेताची सारी मदार एका ठिकाणी वेळेत पोहोचण्यावर असते, तो बेत मुळातच असुरक्षित असतो, हे त्यामागील तत्त्व निर्विवाद आहे.

हिवाळी चढाईसाठी बर्फकुऱ्हाड, बुटांना बांधावयाचे लोखंडी काटे, जादा कोरडे कपडे, विजेरी आणि होकायंत्र ही साधने अपरिहार्यच होत. परंतु ती वापरणारे डोके शाबूत हवे. ओले कपडे आणि वारा यांमुळे शरीराची ऊब ओसरू लागली की पाय अडखळतात, जीभ जड होते आणि सारासार विचारही मंदावतो. ज्याला निर्णय घ्यावयाचा, त्याचीच निर्णयशक्ती थंडी हिरावून घेते. म्हणूनच किती वाजता, कोणत्या ठिकाणाहून आणि हवेच्या कोणत्या लक्षणावर परत फिरावयाचे, हे पायथ्याशीच ठरले पाहिजे. गटाची चाल सर्वांत दुबळ्या सोबत्याच्या चालीने ठरावी आणि परतीची वेळ घरी कोणाला तरी सांगून ठेवावी.

शिक्षकाच्या मागून चालणारे मूल स्वतः वाट निवडीत नाही. ते विश्वासाने पाऊल टाकते. त्या विश्वासाचे ओझे पाठीवरच्या पिशवीहून जड असते. अर्ध्या वाटेवरून मुलांना सुखरूप परत आणणाऱ्याचे कौतुक कोणी करीत नाही. कारण काहीच घडलेले नसते. तेच त्याचे खरे यश होय.