काळा कोट, मोठं मन... आणि थोडी झोप!

शुक्रवारची संध्याकाळ. कॉलेज रोडवर कॉफीला सगळा ग्रुप जमलाय. फक्त वकील मैत्रीण गायब! 'सॉरी यार, फ्री केस आहे, उद्या तारीख आहे,' असा तिचा मेसेज. या महिन्यातला कितवा, कुणास ठाऊक!

फी न घेता लढलेली केस म्हणजे 'प्रो बोनो'. ऐकायला मस्त, पण करताना दमछाक. दिवसभर फर्मचं काम आणि रात्री कुणाच्या तरी मारहाणीची, कुणाला घराबाहेर काढल्याची फाइल. फाइल बंद झाली तरी डोकं चालूच! मग सोडून द्यायचं का हे सगळं? थांबा. आपल्याच नाशिकमध्ये जन्मलेल्या एका मुलीने हे करिअर शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलंय.

नाशिकची कॉर्नेलिया

कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १५ नोव्हेंबर १८६६, नाशिक. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली, मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली. इंग्लंडला जाण्याची सरकारी स्कॉलरशिप मिळण्याइतके मार्क्स होते, पण मुलगी म्हणून ती नाकारली गेली. शेवटी इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे जमवले. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होती! १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची बीसीएल परीक्षा देणारी कॉर्नेलिया पहिली स्त्री ठरली. डिग्री मात्र हातात पडली नाही. ऑक्सफर्ड बायकांना डिग्री द्यायला लागलं थेट १९२० साली.

भारतात परतल्यावर तिचे अशील कोण? पडद्यातल्या बायका. इस्टेट त्यांची, पण परक्या पुरुषासमोर यायचं नाही, मग वकिलाला भेटणार कशा? कॉर्नेलिया थेट त्यांच्या घरात पोचली. ६०० हून जास्त बायका आणि अनाथ मुलांना तिने मदत केली, तीही कधीकधी फी न घेता.

पण खरा फंडा पुढेच आहे. नुसत्या त्यागावर हे चालणार नाही, हे तिने ओळखलं. या बायकांसाठी सरकारने महिला सल्लागार नेमावी, म्हणून १९०२ पासून तिने लकडा लावला. १९०४ मध्ये बंगालच्या 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स'मध्ये तिचीच नेमणूक झाली. बायकांना मदत आणि तिला पगार! वकील म्हणून सनद मिळायला मात्र १९२१ साल उजाडलं, अलाहाबाद हायकोर्टात.

अशिलाला फ्री, वकिलाला नाही

आज हीच सोय कायद्यात आहे. राज्यघटनेचं कलम ३९-अ आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा यांमुळे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. पॅनेलवरच्या वकिलाचं मानधन प्राधिकरण देतं. रक्कम फार मोठी नसते, पण काम एकट्याच्या खिशावर आणि खांद्यावर राहत नाही.

आणि फर्म्स? अनेक ठिकाणी वेलनेस म्हणजे वर्षातून एक योगा सेशन. इंटरनॅशनल बार असोसिएशनच्या २०२१ च्या जागतिक अभ्यासात तरुण वकिलांचं मानसिक स्वास्थ्य सीनियर्सपेक्षा कमकुवत दिसलं होतं. अशा वेळी फ्री केसचे तास कामाच्या तासांत धरले, तर ती योगा सेशनपेक्षा मोठी मदत ठरेल.

यंग वकिलांसाठी टिप्स

- एका वेळी झेपेल तेवढीच फ्री केस घ्या. 'नाही' म्हणणं म्हणजे निष्ठुरपणा नव्हे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता द्या, १५१०० ही हेल्पलाइन सांगा.
- केस दोघांत वाटून घ्या. एक आजारी पडला तरी तारीख चुकत नाही.
- अशिलाला फोनची वेळ ठरवून द्या.
- मन सुन्न करणारी केस असेल, तर सीनियरशी बोला. झोप उडाली तर समुपदेशकाकडे जायला लाजू नका.

तेव्हा आजच त्या मैत्रिणीला मेसेज टाका : 'उद्याची तारीख झाली की कॉफीला ये. त्या बाईला पुढच्या तारखेलाही वकील लागणार आहे!'