नापासांची वाडी

किर्लोस्करवाडीच्या कारखान्यावर पहारा करणाऱ्यांत तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग होते. दोघांनाही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली. इंग्रजी कायद्यानं जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या, त्या काळातली ही गोष्ट. आजही असा माणूस कामावर घेताना भलेभले मालक दहादा विचार करतील आणि घेतलाच तर त्याच्यावर नजर ठेवायला आणखी एक माणूस नेमतील. कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्या दोघांवर अख्खा कारखानाच सोपवला आणि दोघंही भरवशाचे पहारेकरी ठरले.

लक्ष्मणरावांच्या नांगरांवर आणि पंपांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला स्वतःला त्यांची माणसं जास्त मोलाची वाटतात. ज्यांच्याकडे बाहेरच्या जगानं पाठ फिरवली होती, अशांना हुडकून जबाबदारीच्या जागी बसवायचं आणि मग मधे लुडबुड करायची नाही, ही त्यांची रीत होती.

या रीतीचं मूळ त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात असावं. जन्म १८६९ चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण डोळ्यांना काही रंगांतला फरक कळेना. रंग सुटले, रेघ राहिली. यंत्रांची रेखाटनं करता करता ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बढतीची वेळ आली तेव्हा ती दुसऱ्याच्या पदरात पडली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली. डावललं जाणं म्हणजे काय, हे या माणसाला नीट ठाऊक होतं.

नांगराचा जम बसतोय तोच बेळगावच्या नगरपालिकेनं जागा सोडायला लावली. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं आणि कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन दिली. जमीन कसली, निवडुंगाचं रान आणि त्यात नागसाप. १९१० च्या मार्चमध्ये पंचवीसेक कामगार बायकापोरांसह त्या माळावर उतरले. तिथंच किर्लोस्करवाडी उभी राहिली. ज्या मालकाकडे छप्परसुद्धा नाही, त्याच्यामागे माणसं घरदार उचलून येतात. नेतृत्वाची याहून कडक परीक्षा मला माहीत नाही.

आता या माणसांची यादी बघा. थोरले बंधू रामूअण्णांनी वाडी वसवली आणि तिचा कारभार सांभाळला. शंभूराव जांभेकर शिक्षण अर्ध्यावर सोडून आलेले. ते इथं इंजिनिअर झाले. अनंतराव फळणीकरांची शाळा मधेच सुटलेली. तेही इथं इंजिनिअर झाले, आणि नव्या कल्पना लढवणारे म्हणून नावाजले. के. के. कुलकर्णींवर जगानं अपयशाचा शिक्का मारलेला. वाडीत पडेल ते काम निभावणारा हुकमी माणूस म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवलं जाई. मंगेशराव रेगे कारकुनी, हिशेब आणि व्यवस्था सगळंच बघत. पदव्या मोजायला बसलं असतं, तर यातल्या बहुतेकांना कारखान्याचं फाटकसुद्धा ओलांडता आलं नसतं.

अशा माणसांच्या बळावर काय निभतं, ते पहिल्या महायुद्धात दिसलं. परदेशी लोखंड, दगडी कोळसा, रंग, सगळ्याची आवक आटली. वाडीनं लाकडी कोळशावर भट्टी पेटवली. लोखंडासाठी लक्ष्मणरावांनी कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडे किल्ल्यांवर गंजत पडलेल्या जुन्या तोफा मागितल्या. महाराजांनी त्या दिल्या आणि तोफा वितळून नांगर झाले. पुस्तकात नसलेल्या अडचणीला पुस्तकाबाहेरची माणसं लागतात. ती ऐन वेळी मिळत नसतात. आधीपासून जवळ असावी लागतात.

पुस्तकाबाहेरच्या अशाच माणसांमुळे सोलापूर जिल्ह्यातल्या केमबद्दल लिहिताना मला हीच वाडी आठवते. केम करमाळा तालुक्यातलं, पुणे–सोलापूर लोहमार्गावरचं गाव. उत्तरेश्वराचं देऊळ आणि कुंकू ही त्याची ओळख. कुंकवाची जुनी रीत अशी: हळकुंडं लिंबाच्या रसात आणि टाकणखारात मुरवायची, पिवळ्याचं लाल झालं की सुकवायची, कुटायची आणि चाळायची. खरी कसोटी चाळणीखाली लागते. खाली उतरलेली पूड चिमटीत घेऊन बोटावर चोळायची. रवाळ लागली तर परत कुटायची, मऊ लागली तरच पुढं. रस कमी पडला की रंग फिका येतो, हे डोळा सांगतो. ही पारख ज्या हातांत असते, त्यांच्याजवळ तिचा कुठलाही दाखला नसतो. फळणीकरांजवळही नव्हता.

शिवाय किर्लोस्करांचं सोलापूरशी नातं आहे. लक्ष्मणरावांचे पुतणे, ‘किर्लोस्कर’ मासिकाचे संपादक शंकरराव १८९१ मध्ये सोलापुरात जन्मले आणि १९०३ मध्ये लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुरावही सोलापुरातच. १९२० मध्ये सुरू झालेल्या त्या मासिकाची सुरुवात कारखान्याची ‘खबर’ म्हणून झाली होती. माळावरच्या कारखान्यानं आपलं छापील पत्र काढावं आणि त्यातून ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही मासिकं उभी राहावीत, हेही माणसांवर टाकलेल्या विश्वासाचंच पीक.

वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा दंडक होता. तरी ती वाडी होती मालकाची. घर त्याचं, रस्ता त्याचा, नियमही त्याचेच. मालक भला म्हणून सगळं भलं, ही व्यवस्था एका माणसाच्या स्वभावावर तोललेली असते आणि मला ती पुरेशी वाटत नाही. म्हणूनच लक्ष्मणरावांच्या चांगुलपणापेक्षा मी त्यांच्या नेमणुकांना अधिक मानतो. चांगुलपणा मालकाबरोबर जातो. जांभेकर, फळणीकर जे शिकले ते त्यांचं स्वतःचं झालं होतं.

केमच्या कुंकवाच्या धंद्यातही अशी नेमणूक करता येण्याजोगी आहे. हळदीची मोठी पेठ सांगलीला, किर्लोस्करवाडीच्याच जिल्ह्यात. चाळणीवर वर्षानुवर्षं बसलेल्या बाईइतकी हळदीची जात कुणाला कळणार? पण खरेदीला जातो मालक किंवा त्याचा मुलगा. एखाद्या मालकानं तिलाच सांगलीला धाडावं, ढीग तिनं निवडावा, भाव तिनं ठरवावा आणि मालकानं त्या भावाची पट्टी मुकाट्यानं चुकती करावी.